इएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापत नाही, मग बाळंतपणाच्या रजेचा पगार कुणी द्यायचा?

प्रश्न: ताई, मी भोसरीत एका छोट्या कंपनीत अकाउंट्स बघते, तीन वर्षं झाली, पगार २४,०००. आता पाचवा महिना चालू आहे, पहिलंच बाळ. सरांना रजेचं विचारलं तर म्हणाले आपली कंपनी केवढीशी, आपल्याकडे मॅटर्निटी वगैरे नसतं, आणि तुझा इएसआय पण कापत नाही मग पैसे येणार कुठून, दोन महिने बिनपगारी घे आणि ये परत. पगारपत्रकावर आम्ही आठच जण आहोत. पण पॅकिंगला ठेकेदाराची दोन पोरं रोज असतात, शिवाय ड्रायव्हर काका आणि साफसफाईच्या मावशी, त्यांना व्हाउचरवर रोख देतात. मला भांडण नकोय, पण नक्की काय मिळतं ते तरी कळू दे.

उत्तर: आधी अभिनंदन. आता सरांच्या इएसआयवाल्या वाक्याचं बघू, कारण तिथेच त्यांचं गणित उलटं झालंय. इएसआय महिना २१,००० पगारापर्यंत असतो. त्यात असलेल्या बाईला बाळंतपणाचे पैसे इएसआय महामंडळ देतं, मालकाच्या खिशातून जात नाहीत. तुमचा पगार त्याच्या वर आहे, म्हणजे तुम्हाला काही नाही असं नव्हे, तर ते पैसे कंपनीनेच द्यायचे. सरांना हे ऐकून घाम फुटेल, आणि खरं सांगू का, छोट्या मालकाला हे जड जातंच, सगळा भार त्याच्या एकट्यावर येतो. पण कायदा तसाच आहे.

आता कंपनी छोटी म्हणजे किती छोटी? दुकान किंवा आस्थापना असेल तर मागच्या बारा महिन्यांत एखाद्या दिवशी जरी दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तरी कायदा लागू होतो. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, पण दहाचा आकडा तोच आहे, आणि तिथे कर्मचारी म्हणजे थेट घेतलेला किंवा ठेकेदारामार्फत आलेला, दोन्ही. पगारपत्रकात नाव नाही म्हणून माणूस नाहीसा होत नाही. तुमचे आठ, पोरं दोन, काका, मावशी, झाले बारा. त्या व्हाउचरच्या नोंदी तुम्हीच ठेवता ना, मग तुम्हाला वेगळा पुरावा शोधत फिरायला नको.

दुसरी अट, डिलिव्हरीच्या अपेक्षित तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं. तुमचं ते कधीच झालंय. मग पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवडे भरपगारी रजा, त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे डिलिव्हरीच्या आधी घेता येतात. पगार धरतात तो रजेवर जाण्याआधीच्या तीन महिन्यांत जेवढे दिवस काम केलं त्या दिवसांच्या सरासरीने, त्यामुळे उलट्यांपायी मध्ये चार दिवस बिनपगारी गेले तरी रोजचा दर त्याने खाली येत नाही. डिलिव्हरीआधीच्या काळाचे पैसे डॉक्टरचा दाखला दिल्यावर आगाऊ, आणि उरलेले बाळ झाल्याचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत. कंपनी तपासण्या आणि बाळंतपणाची फुकट सोय करत नसेल तर ३,५०० रुपये मेडिकल बोनस वेगळा, तो बहुतेक जणी मागायलाच विसरतात.

भांडण नको म्हणता तर एक साधा अर्ज करा. कुठल्या तारखेपासून रजा, पैसे कुणाकडे द्यायचे, त्या काळात दुसरीकडे काम करणार नाही, एवढं लिहा, डॉक्टरचा दाखला जोडा, ईमेल करा किंवा पोच घ्या. चहा पिता पिता झालेलं बोलणं सहा महिन्यांनी कुणाला आठवत नाही. आणि सर जर म्हणाले की आत्ता राजीनामा दे, नंतर घेतो परत, तर सही अजिबात करू नका, हा प्रकार छोट्या ऑफिसांत फार चालतो आणि बाई बिचारी विश्वासाने फसते. या रजेवर असताना कामावरून काढणं बेकायदा आहे, पण राजीनामा स्वतःच्या हाताने दिला की मग सिद्ध करत बसा. लेखी मागूनही नाहीच म्हणाले तर कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते.

ऑफिसात २१,००० च्या आतल्या मैत्रिणी असतील तर त्यांनाही सांगा, इएसआय नुसता कापला जातो की भरलाही जातो ते बघून ठेवा. तिथे आधीच्या सलग दोन अंशदान काळांत, म्हणजे इएसआय भरण्याच्या सहा-सहा महिन्यांच्या टप्प्यांत, मिळून ७० दिवसांचा भरणा लागतो.

प्रश्न: आमच्या दुकानात पाचच जण आहेत, खरोखर पाच. मग मला काहीच नाही का?

उत्तर: मालकाकडून कायद्याने नाही, तुमच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये काही लिहिलं असेल तर तेवढंच, म्हणून ते आधी काढून वाचा. पंतप्रधान मातृ वंदना योजना मात्र बघा. अटीत बसलात तर पहिल्या बाळाला दोन हप्त्यांत ५,००० रुपये, दुसरं बाळ मुलगी असेल तर ६,०००. पगाराची भरपाई यात होत नाही हे मान्य, पण सोडू नका. अंगणवाडी सेविकेकडे किंवा आशाताईंकडे चौकशी करा, आधारला जोडलेलं बँक खातं तुमच्या स्वतःच्या नावावर हवं, नवऱ्याच्या नाही.