डब्यात काय वाजतंय?

प्रश्न : बाई, नमस्कार. माझा मुलगा डिसेंबरात ४ वर्षांचा होईल. त्याला सगळं समजतं, चार-पाच शब्दांची वाक्यंही बोलतो, पण त्यात 'हे', 'तिकडे', 'असं झालं' हेच जास्त. रंग आणि प्राणी मात्र इंग्रजीत धडाधड सांगतो. चित्रांची कार्डं आणलीत, रोज अर्धा तास घेऊन बसते. तो कंटाळतो. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत शाळेला बऱ्याच सुट्ट्या आहेत. घरी काय करू? सोसायटीत भोंडला असतो, पण 'मुलग्याला कशाला' असं सासूबाई म्हणतात.
– एक आई, पुणे

उत्तर : आधी ती कार्डं कपाटात ठेव. कार्डावरच्या हत्तीला 'हत्ती' म्हटलं की बोलणं संपलं. तुझ्या लेकाला नावं येतात गं. त्याचं अडतं ते त्याच्या पुढे : कसा आहे, कशात ठेवलाय, कशाचा केलाय, आधी काय झालं, मग काय झालं. ते शब्द यायला हातात खरी वस्तू लागते आणि समोर ऐकायला उत्सुक माणूस लागतं. आश्विन-कार्तिकात वस्तूंना तोटा नाही. इंग्रजी रंगांचं वाईट वाटून घेऊ नकोस. दोन भाषांनी मूल मुकं होत नाही.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग आणि त्याला भोंडल्याला ने. मी साताऱ्यात ३१ वर्षं बालवाडी चालवली. पाटावर हत्ती काढून मुलगे-मुली एकत्रच फेर धरायचे. मातीपासून जातं, जात्यातून सपिटी, सपिटीच्या करंज्या, अशी एकातून एक निघत जाणारी गाणी लहान मुलांना फार लवकर लागतात, कारण मागच्या ओळीतला शब्द पुढच्या ओळीत पुन्हा भेटतो. म्हणताना ओळीच्या शेवटी थांब आणि तो शब्द त्याला भरू दे. जातं पाहिलेलं नसेल तर निदान खलबत्त्यात दाणे कुटायला दे. 'कुटणं' वेगळं आणि 'दळणं' वेगळं, हे हाताला कळलं की जिभेला कळतं.

पण भाषेसाठी भोंडल्यातलं खरं सोनं म्हणजे खिरापत ओळखणं. आमच्याकडे एक मुलगा होता, जूनपासून वर्गात अवाक्षर बोलला नव्हता. त्या वर्षी खिरापतीचा डबा मी त्याच्या हातात दिला. त्याच्याच घरून आला होता, म्हणजे आत काय आहे हे फक्त त्याला ठाऊक. पोरं ओरडायला लागली, "वाजव, वाजव!" त्याने डबा हलवला. आवाजच नाही. "लाडू?" मान हलवली. "चिवडा?" पुन्हा मान हलवली. मग एकीने विचारलं, "मग वाजत का नाही?" तो डब्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ओली आहे. आजीनी वाटली." वाटली डाळ होती. त्याचं मी ऐकलेलं ते पहिलं वाक्य. त्यानंतर दर वर्षी मी डबा सगळ्यांत गप्प मुलाच्या हाती देत आले.

हा खेळ तू रोज संध्याकाळी खेळ. एक दिवस डबा तू भर, दुसऱ्या दिवशी तो भरेल. शेंगदाणे खडखडतात, साबुदाणा सळसळतो, उकडलेलं रताळं धपकन आपटतं. तळलेलं की भाजलेलं, खारट की तुरट, सालीसकट की सोललेलं, असं विचारत जा. तो भरेल तेव्हा प्रश्न तू विचार. ओळखू येत असलं तरी लगेच ओळखू नकोस.

आणि प्रश्न विचारलास की मनात १० पर्यंत मोज. आपण आया-आज्या तिसऱ्या आकड्यालाच उत्तर देऊन मोकळ्या होतो. तो "असं झालं" म्हणाला तर "नीट बोल" म्हणू नकोस. "हो रे, पीठ सांडलं. ओट्यावर सांडलं की खाली?" एवढंच म्हण. शब्द त्याला तुझ्या बोलण्यातून मिळू दे, परीक्षेतून नको.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा महागडी साधनं बाजूला ठेवून शिंपले, बिया, पानं अशा आसपासच्या वस्तूच हाती घेतल्या होत्या. दसऱ्याला आपट्याचं एक पान त्याच्या तळहातावर ठेव. दोन पाकळ्या मधल्या शिरेवर जोडलेल्या, दुमडलं की पुस्तकासारखं मिटतं. पण 'पुस्तकासारखं' हे तू सांगू नकोस. कशासारखं दिसतं, ते त्याला सांगू दे. आमच्याकडे कुणी फुलपाखरू म्हणालं, तर एक जण 'गाईचं पाऊल'.

कोजागरीला दूध आटेपर्यंत दिवा बंद करून दिवसभरात काय काय झालं ते एकमेकांना सांगा.

एक मात्र टाळू नकोस. मागून हळू हाक मारल्यावर तो वळत नसेल, किंवा परक्या माणसाला त्याचं बोलणं उमगत नसेल, तर कान तपासून घे आणि वाचा-उपचार करणाऱ्यांना दाखव. दिवाळी उलटायची वाट पाहू नकोस.

दिवाळीचा किल्ला त्याच्या हुकमाने बांध. तो मुकादम, तू गवंडी. माती चाळणं, कालवणं, थापणं, लिंपणं, हळीव पेरणं, सगळं तोंडाने बोलत कर. मावळा हातात घे आणि विचार, "कुठे ठेवू?" तो "तिकडे" म्हणेल. तू मुद्दाम भलतीकडे ठेव. तो चिडेल, मग विचार, "बुरुजावर, की दरवाज्याच्या मागे?"

किल्ला झाला की आजोबांना फोन लाव. व्हिडिओ नको, नुसता आवाज. फोनवर 'हे' आणि 'तिकडे' चालत नाही. आजोबांना आधी सांगून ठेव, की चटकन 'वा वा' न म्हणता विचारा, "गुहेत कोण बसलंय रे? आणि हळीव उगवले का, केवढे झाले?"