आठ सेंट वजन आणि मधला काळा डाग

आपला प्रश्न असा आहे की दोन गोल हिऱ्यांचे वजन, रंग आणि क्लॅरिटी तंतोतंत सारखी असूनही एक झगमगतो आणि दुसरा मधोमध काळपट दिसतो, तेव्हा हा फरक कटमुळे, म्हणजे पैलूंच्या कोनांमुळे आणि प्रमाणांमुळे पडतो का, आणि तो प्रमाणपत्रावरून कळतो का. फरक कटमुळेच पडतो. "थोडाफार पडतो" असे जो सांगेल त्याच्याकडून हिरा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत मी पुस्तकातून घेतलेले नाही; ते हिरे घासण्याच्या चकतीपुढे बसून तयार झाले आहे आणि त्यापायी माझे व माझ्या थोरल्या भावाचे कित्येक दिवस बोलणे बंद होते.

आम्ही दोघे एकाच ठिकाणी हिरे घासत होतो. दादा माझ्यापेक्षा जुना, त्याचा हात माझ्यापेक्षा स्थिर, आणि कच्च्या हिऱ्याकडे पाहून त्यातून किती वजन निघेल हे सांगण्यात त्याची बरोबरी करणारे फार थोडे. एकदा एका स्वच्छ कच्च्या खड्याचे काम त्याच्याकडे आले. माझ्या मते त्यातून चांगल्या प्रमाणाचा सुमारे ०.९३ कॅरटचा हिरा निघत होता. दादाने मात्र तो १.०१ वर आणून ठेवला. त्याचे म्हणणे सरळ होते: "गिऱ्हाईक वजन विचारतं, कोन विचारत नाही." एक कॅरटची रेघ ओलांडली की दर कॅरटचा भाव एकदम वर चढतो, हे खरेच आहे, त्यामुळे व्यवहार म्हणून त्याचे चुकले असे मी तेव्हाही म्हटले नाही.

वजन वाचले कुठे, हे पाहण्यासारखे आहे. कच्चा हिरा पुष्कळदा अष्टफलकाच्या आकाराचा असतो आणि त्याच्या बाजू मधल्या पातळीपासून साधारण ५४.७ अंशांनी उतरतात. चांगल्या गोल ब्रिलियंटच्या, म्हणजे नेहमीच्या पैलूदार गोल हिऱ्याच्या, खालच्या भागाचा, म्हणजे पॅव्हिलियनचा, कोन ४१ अंशांच्या आसपास असतो. हा कोन जितका तीव्र ठेवावा तितका कच्चा माल कमी घासला जातो. दादाने तो ४३ अंशांवर सोडला होता आणि गर्डल, म्हणजे हिऱ्याची कमरेची कड, हाही गरजेपेक्षा जाड ठेवला होता. एकूण उंची व्यासाच्या ६६ टक्क्यांवर गेली होती, व्यास होता ६.३ मिलिमीटर.

तो हिरा मी कागदावर उपडा न ठेवता टेबल, म्हणजे माथ्यावरचा सपाट पैलू, वर करून पांढऱ्या उजेडात धरला, तेव्हा मधोमध खिळ्याच्या डोक्यासारखा काळा ठिपका दिसला. या दोषाला नेलहेड म्हणतात आणि तो हिऱ्यातल्या कोणत्याही डागामुळे येत नाही. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२ असल्यामुळे आतून पृष्ठभागावर, त्याच्या लंबापासून २४.४ अंशांपेक्षा जास्त तिरपा येणारा प्रकाश बाहेर न पडता परत फिरतो. खालच्या पैलूंवर दोनदा आपटून तो वर येतो. पॅव्हिलियन ४०.७५ अंशांचा असेल तर सरळ वरून पाहणाऱ्याच्या डोळ्यात टेबलातून येणारा प्रकाश सरळ उभ्या रेषेपासून स्थूलमानाने ४५ अंशांच्या तिरकस दिशेने आत आलेला असतो, म्हणजे तो खोलीतला मोकळा उजेड असतो. हाच कोन ४३ झाला की तो प्रकाश उभ्या रेषेपासून जेमतेम वीसेक अंशांवरून येतो, आणि तेथे पाहणाऱ्याचे स्वतःचेच डोके आडवे आलेले असते. तो काळा डाग म्हणजे आपलीच सावली, हे दादाला मी आरशातल्या प्रतिबिंबाची उपमा देऊन समजावले. त्याने वजनकाट्याकडे बोट दाखवले. उलट, कोन फार उथळ ठेवला तर टेबलाखाली गर्डलचे पांढरट कडे उमटते आणि हिरा माशाच्या डोळ्यासारखा निर्जीव दिसतो.

तो हिरा बराच काळ विकला गेला नाही, तेव्हा मालकांनी तो माझ्याकडे दिला. वरच्या बाजूला, म्हणजे क्राउनच्या ३५ अंशांना, मी हात लावला नाही. खालचे चोवीस पैलू नव्याने घासले, आधी आठ मोठे आणि मग सोळा छोटे, तेलात कालवलेल्या हिऱ्याच्या भुकटीवर, काही सेकंदांनी उचलून दहापट भिंगाखाली तपासत. कोन ४२ च्या खाली उतरला तशी त्या काळ्या ठिपक्याची कड फाटू लागली आणि ४०.८ वर तो पूर्ण फुटून काळ्या-पांढऱ्या तुकड्यांची नीट नक्षी झाली. वजन भरले ०.९३. व्यास मात्र ६.३ मिलिमीटरच राहिला, कारण गेलेले आठ सेंट (सेंट म्हणजे कॅरटचा शंभरावा भाग) सगळे पोटात आणि गर्डलमध्ये दडलेले होते. वरून पाहणाऱ्याला ते कधी दिसलेच नव्हते.

दादाने यावर कोहिनूरचा विषय काढला. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात लोक त्या हिऱ्याच्या तेजावर नाराज झाले म्हणून १८५२ मध्ये तो नव्याने कापला आणि १८६ कॅरटांचा १०५.६ करून ठेवला, ही हानी कोणत्या तेजाने भरून निघाली, असा त्याचा सवाल होता. ऐतिहासिक हिऱ्याचे उदाहरण रोजच्या मालाला लावू नये, एवढेच उत्तर माझ्याजवळ होते आणि आजही तेवढेच आहे.

आता प्रमाणपत्राविषयी. जीआयए ही हिरे तपासून प्रमाणपत्र देणारी संस्था गोल ब्रिलियंटला २००६ पासून एक्सलंट ते पुअर अशा पाच पायऱ्यांत कटची श्रेणी देते. उजळपणा, रंगांची झळाळी, लुकलुक, वजनाचे प्रमाण, टिकाऊपणा, पॉलिश (पैलूंची घासाई) आणि सिमेट्री (पैलूंची सममिती) या सात बाबींत जी सर्वांत खाली तीच अंतिम श्रेणी ठरते. पण एक्सलंटचा पट्टा रुंद आहे. त्यात पॅव्हिलियन आणि क्राउन दोन्ही तीव्र असलेले हिरेही बसतात, आणि अशा जोडीतून प्रकाश गळतो. पॅव्हिलियनचा कोन वाढला तर क्राउनचा उतरला पाहिजे. शिवाय छापलेले कोन आठ-आठ पैलूंची सरासरी असतात आणि क्राउनचा आकडा अर्ध्या अंशाला जुळवून दिलेला असतो. म्हणून एक्सलंट हा शब्द वाचून न थांबता कोन वाचावेत आणि हिरा दुकानातल्या एका ठिकाणी झोत टाकणाऱ्या दिव्यांखाली न पाहता पसरलेल्या उजेडात पाहावा, कारण त्या दिव्यांखाली वाईट कटसुद्धा लखलखतो.

हे सांगायला उशीर झाला, पण वरील सारे गोल ब्रिलियंटपुरते आहे. ओव्हल, पेअर, मार्कीज या आकारांना जीआयए अनेक वर्षे कटची श्रेणी देत नव्हती, फक्त पॉलिश आणि सिमेट्री देत होती. आपला काळपट हिरा नुसता मळलेलाही असू शकतो, कारण हिऱ्याला तेलकटपणा फार लवकर चिकटतो. आधी तो कोमट साबणपाण्यात मऊ ब्रशने खालच्या बाजूने धुऊन पाहा. तरीही मधला डाग राहिला, तर दोन्ही हिऱ्यांचे मिलिमीटरमधले व्यास शेजारी शेजारी लिहा (वजन सारखे असून ज्याचा व्यास कमी, त्याचे वजन पोटात दडलेले), आणि घरात कोणी एक कॅरट भरलाच पाहिजे म्हणत असेल तर तो कागद त्याच्यापुढे ठेवा. दादापुढे मी ठेवला होता. त्याने तो घडी करून खिशात घातला.