स्विचवरूनच आपोआप आयपी कसा द्यायचा?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसात नवा स्विच लावला, आठ कॉम्प्युटर जोडले, पोर्टचे लाईट लुकलुकतायत पण सगळ्यांना आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) १६९.२५४ ने सुरू होणारा येतोय. तो नंबर कुणी दिलेला नाही हो, आयपी वाटणारं कोणी सापडलं नाही म्हणून विंडोजने स्वतःच स्वतःला घेतलाय.

आधी स्विच मॅनेज्ड, म्हणजे आत सेटिंग करता येणारा, आहे का बघा. साधा, वायर खुपसली की चालू, असला असेल तर त्याच्याकडून हे काम होणार नाही, कितीही डोकं आपटा. राउटरमधलं डीएचसीपी, म्हणजे आपोआप आयपी वाटणारी सोय, चालू करा, विषय संपला.

सिस्कोचा लेयर थ्री (राउटरचं कामही करू शकणारा) वगैरे असेल तर मी आधी व्हीलॅनच्या (स्विचमध्ये पाडलेल्या नेटवर्कच्या वेगळ्या भागाच्या) इंटरफेसला आयपी देतो, समजा १९२.१६८.१०.१, आणि नो शटडाऊन (इंटरफेस चालू करायची कमांड) मारतो. हे राहिलं तर पूल (वाटायच्या आयपींचा साठा) कितीही नीट बनवा, वाटप होत नाही, कारण त्या आयपीवरूनच स्विच ठरवतो कुठल्या पूलमधलं द्यायचं. मग आयपी डीएचसीपी एक्सक्लुडेड-अ‍ॅड्रेस ही कमांड (टाइप इंग्रजीतच करायची, मी इथं मराठीत लिहितोय) देऊन १ ते २० नंबर बाजूला ठेवायचे, प्रिंटर न् डीव्हीआरला फिक्स लागतात. मग पूल, त्यात नेटवर्क, डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून आयपी शोधणारा सर्व्हर) आणि डिफॉल्ट-राउटर (नेटवर्कबाहेर जायचा रस्ता). एकच व्हीलॅन असेल तर डिफॉल्ट-राउटरला इंटरनेटच्या राउटरचा आयपी टाका, समजा १९२.१६८.१०.२, लय जण इथं स्विचचाच टाकतात आणि मग नेट चालत नाही म्हणून फोन करतात.

आणि आयपी असा स्विचवरून वाटणार असाल तर राउटरमधलं डीएचसीपी आठवणीनं बंद करा. सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीवर मी अख्खा दिवस घालवलाय, निम्म्या कॉम्प्युटरना १९२.१६८.१०ची रेंज, निम्म्यांना १९२.१६८.०ची, प्रिंटर कुणाला दिसतोय कुणाला नाही. शेवटी पोत्यांच्या मागं एक जुना वायफाय राउटर सापडला, हळदीनं पिवळाजर्द झालेला, पण लाईट चालू! तोही गुपचूप आयपी वाटत होता, त्याचं डीएचसीपी बंद केलं, सगळ्या मशीनवर आयपीकॉन्फिग रिलीज, रिन्यू (जुना आयपी सोडून नवा घ्यायच्या कमांड) मारलं, झालं.

कुणाला काय मिळालं ते शो आयपी डीएचसीपी बाइंडिंगमध्ये दिसतं. आणि राइट मेमरी (स्विचची सेटिंग सेव्ह करायची कमांड) मारल्याशिवाय उठू नका, त्या पेढीवर मी विसरलो, संध्याकाळी लाईट गेली, सगळं कॉन्फिगरेशन पुसलं आणि रात्री साडेनऊला परत यार्डात.