पीएफ काढा, पण घराच्या हप्त्यासाठी नको

प्रश्न (जुलै 2020): भोसरीत सीएनसी ऑपरेटर आहे. पगार 32,000 होता (बेसिक-डीए, म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 16,000), एप्रिलपासून हातात 19,000 येतात. गृहकर्ज 15 लाख बाकी, व्याज 8 टक्के, मुदत 15 वर्षं, हप्ता 14,335. शिल्लक मोडून मेपर्यंत भरला, जूनपासून मोरेटोरियम (हप्ते काही महिने थांबवण्याची सवलत) घेतलंय. क्रेडिट कार्डाचे 35,000 थकलेत, तिथेही मोरेटोरियमच. पीएफमध्ये 2,10,000 आहेत. कोरोनामुळे 75 टक्के काढता येतात म्हणे. दीड लाख काढून हप्ते पुन्हा सुरू करू का?

उत्तर (जुलै 2020 च्या नियमांनुसार): आधी ते दीड लाख डोक्यातून काढा. शिलकीच्या 75 टक्के किंवा तीन महिन्यांचा बेसिक अधिक डीए, यातलं जे कमी असेल तेवढंच मिळतं. सगळीकडे गाजला तो फक्त पहिला अर्धा नियम. तुम्हाला मिळतील 48,000. ते परत भरायचे नाहीत आणि त्यावर करही नाही.

आता हप्त्याचं बघू. मोरेटोरियम ही माफी नाही, व्याज चालूच राहतं. जून ते ऑगस्ट तीन हप्ते थांबवले की 15 लाखांचे साधारण 15,30,000 होतात. हप्ता तेवढाच ठेवला तर 180 ऐवजी 187 हप्ते भरावे लागतील, म्हणजे लाखभर रुपये जास्त. आकडा ऐकून पोटात गोळा येतो, मान्य. पण त्या तीन हप्त्यांचे 43,000 पीएफमध्येच राहिले आणि 2019-20 साठी जाहीर झालेला साडेआठ टक्के दर टिकला, तर 15 वर्षांत त्यांचे दीड लाखाच्या जवळपास होतात. तिथेही लाखभर व्याज सुटतं. फिट्टंफाट! पीएफ मोडून गृहकर्ज भरण्यात कमाई काहीच नाही. त्यात 19,000 मधून हप्ता गेला तर घराला उरतात जेमतेम पावणेपाच हजार.

खरी आग कार्डाला लागली आहे. महिना साडेतीन टक्के व्याज धरलं (तुमचा दर स्टेटमेंटवर बघा) तर 35,000 वर 1,225 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला साडेचौदाशे नुसते व्याजात जातात. गृहकर्जाच्या आणि कार्डाच्या मोरेटोरियमला एकाच मापाने मोजणं मला कधीच पटलं नाही. तेव्हा 48,000 काढा, कार्डाचा आजचा पूर्ण आकडा विचारून तो एकरकमी मिटवा आणि कार्ड कपाटात ठेवा. उरतील त्या दहा-बारा हजारांना हात लावू नका.

गृहकर्जाचं मोरेटोरियम 31 ऑगस्टपर्यंत चालू द्या. रिझर्व्ह बँकेच्या सवलतीत असल्यामुळे सिबिलवर (कर्जफेडीच्या नोंदीवर) डाग लागणार नाही. मोरेटोरियमच्या काळातल्या व्याजावरच्या व्याजाचा वाद सुप्रीम कोर्टात आहे; काही सुटलं तर आनंद, पण त्या भरवशावर बेत आखू नका. सप्टेंबरची मात्र मला काळजी वाटते. मुदत वाढवून 20 वर्षं केली तरी हप्ता 12,800 च्या आसपासच येतो, फार दिलासा नाही. पगार पूर्ववत होणार का, हे कंपनीत ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्पष्ट विचारा. नाही म्हणाले, तर एप्रिलपासूनच्या स्लिपा घेऊन महिना संपायच्या आत बँकेत जा. हप्ता चुकल्यावर गेलात तर तुमची बाजू लंगडी पडते.

आई किंवा पत्नीचं जनधन खातं असेल तर पासबुक भरून आणा. एप्रिल ते जून महिलांच्या जनधन खात्यात दरमहा 500 जमा झालेत. पुष्कळ घरांत ते कुणी बघितलेलेच नाहीत.

पीएफचा अर्ज यूएएन (तुमचा पीएफ क्रमांक) पोर्टलवरून स्वतः करा, एजंटला पैसे देऊ नका. कारणांच्या यादीत महामारीचं कारण निवडा. यूएएनला आधार आणि बँक खातं जोडलेलं हवं. चेकचा फोटो टाकताना त्यावरचं तुमचं छापील नाव, खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड स्वच्छ वाचता येतायत ना, ते झूम करून बघा. पुसट फोटोमुळे अर्ज परत येतात आणि तेवढ्यात कार्डाचं आणखी एक बिल पडतं.