हिवतापावर स्वस्त उपचार म्हणून गरीब वस्त्यांत औषधी वनस्पती लावाव्यात का?

गडचिरोलीच्या पाड्यांवर आर्टेमिसियाची रोपे वाटून लोकांना पाल्याचा काढा करायला शिकवले, तर हिवतापावर स्वस्त उपचार मिळेल का, असे आपण विचारले आहे. मी पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि औषधी झाडे लावण्याची हौस मलाही आहे. तरीही माझे उत्तर नकारार्थी आहे.

या वनस्पतीतील आर्टेमिसिनिन निःसंशय गुणकारी आहे आणि त्याच्या शोधासाठी चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र ते पाण्यात फारसे विरघळत नाही व उष्णतेने त्याचा गुण घटतो, म्हणूनच त्यांनी उकळण्याऐवजी कमी तापमानाला ईथरने अर्क काढला होता. पाल्यातील प्रमाणही वाण, हवामान आणि तोडणीची वेळ यांनुसार कितीतरी पटींनी बदलते, शिवाय दिवस लहान असला की हे झाड फुलोऱ्यावर येत असल्याने आपल्या अक्षांशावर पाला भरण्याआधीच फुले येण्याची शक्यता असते. त्यामुळे कपभर काढ्यातून रुग्णाला किती औषध मिळाले, हे कोणालाच सांगता येत नाही. अपुऱ्या मात्रेने ताप उतरतो, पण रक्तात उरलेले हिवतापाचे परजीवी पुन्हा वाढतात आणि औषधाला दाद न देणाऱ्यांचे फावते. जागतिक आरोग्य संघटनेचा अशा काढ्यांना विरोध आहे तो यामुळेच.

पुण्याच्या रस्त्यांवर दरवळणाऱ्या सातविणीची सालही जुन्या काळापासून तापावर दिली जाते. ती घालून बनवलेल्या आयुष-६४ या आयुर्वेदिक गोळीची व्हायव्हॅक्स या प्रकारच्या हिवतापात क्लोरोक्विन या नेहमीच्या औषधाशी तुलना झाली, तेव्हा तिने सुमारे निम्मेच रुग्ण बरे झाले, तर क्लोरोक्विनने सर्व.

मुळात सरकारी केंद्रांत तपासणी आणि औषध दोन्ही मोफत मिळतात, म्हणून अडचण किमतीची नसून वेळेची आहे. फाल्सिपॅरम या अधिक घातक प्रकारच्या हिवतापाचा रुग्ण उशिरा पोहोचला तर दगावू शकतो. व्हायव्हॅक्समध्ये यकृतात दडलेल्या परजीवींसाठी प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावे लागते, आणि ताप उतरला की लोक गोळ्या सोडून देतात. पावसाळ्यात नाल्यांना पूर येऊन वाट तुटण्यापूर्वी आशा सेविकेकडे तपासणीचे किट व गोळ्या पोहोचवणे आणि त्या पूर्ण घेतल्या जातात की नाही ते पाहणे, यावर आपला पैसा खर्च व्हावा, असे मला वाटते.

लागवड करायचीच असेल, तर पाला अर्क काढणाऱ्या कारखान्यासाठी पिकवावा. त्यासाठी औषधी व सुगंधी वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या लखनौच्या सीमॅप संस्थेकडे वाणांची चौकशी करावी, आणि खरेदीदाराशी भाव लेखी ठरल्याशिवाय बी पेरू नये.