कोऱ्या कागदावरची मोहोर

प्रश्न : आमचे गाव संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. शिर्क्यांनी एका परक्या सरदाराला फसवून रानात नेले आणि तिथे त्याची सारी फौज कापली गेली, ही हकिकत मी आजोबांच्या तोंडून अनेकदा ऐकली आहे. ती खरी आहे का, आणि तो सरदार कोण होता? (एक वाचक, संगमेश्वर)

उत्तर : आजोबांनी सांगितलेली हकिकत खरी आहे. मात्र तिचा शेवट संगमेश्वरच्या रानात होत नाही. तो घाटावर, चाकणला होतो, आणि खरी दगाबाजी माझ्या मते तिथेच घडली.

तो सरदार म्हणजे बहमनी सुलतान दुसरा अलाउद्दीन अहमदशहा (राज्यकाळ १४३६ ते १४५८) याचा सेनापती खलफ हसन बसरी. ‘मलिक-उत-तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख, असा त्याला किताब होता. चाकणला ठाणे करून त्याने कोकणातील किल्ले एकेक करून घ्यायला सुरुवात केली. तिथले एक स्थानिक सरदार शिर्के हाती लागले तेव्हा धर्मांतर करा किंवा मरायला तयार व्हा, असे त्याने बजावले. फिरिश्ता हा फारसी इतिहासकार सांगतो की, शिर्क्यांनी धर्मांतराला होकार दिला, पण ‘मी धर्म सोडला तर संगमेश्वरचा राजा शंकरराय मला माझ्याच माणसांत तोंड दाखवू देणार नाही, तेव्हा आधी त्याचा बंदोबस्त करा, वाट मी दाखवतो’, असे सुचवले. पहिले दोन दिवस वाट बरी होती. तिसऱ्या दिवशी फौज अशा रानात शिरली की जिथे तंबू ठोकायलाही धड जागा नव्हती, आणि त्यातच खलफ हसन रक्ती हगवणीने अंथरुणाला खिळला. शिर्क्यांचा निरोप मिळताच शंकररायाची माणसे रात्री त्या विखुरलेल्या छावणीवर तुटून पडली. वारा झाडांतून असा घोंगावत होता की एका तुकडीचा आक्रोश शेजारच्या तुकडीला ऐकू गेला नाही, असे फिरिश्ता लिहितो. घाटाखालच्या रानात ज्याने वाऱ्याची एक रात्र काढली आहे, त्याला या तपशिलाची शंका येणार नाही. खलफ हसन तिथेच मारला गेला.

शिर्क्यांना दगाबाज म्हणायला मी तयार नाही. मानेवर तलवार असताना काढून घेतलेला शब्द मोडला, तर तो विश्वासघात होत नाही. विश्वासघात पुढे झाला. बहमनी दरबारात त्या काळी दोन तट होते. इराण, अरबस्तान, मध्य आशियातून आलेले ते आफाकी. पिढ्यान्‌पिढ्या इथेच मुरलेले ते दख्खनी, आणि हबशी सरदार बहुधा दख्खन्यांच्या बाजूचे. या मोहिमेत दख्खनी सरदार रानात शिरलेच नव्हते, ते मागे थांबले होते. जीव वाचवून आलेले आफाकी चाकणला परतले आणि आता दरबारात आपल्याविरुद्ध तक्रार जाणार, हे दख्खन्यांनी ओळखले. म्हणून त्यांनी आपले पत्र आधी बिदरला धाडले. सेनापतीने आमचे ऐकले नाही आणि उरलेले आफाकी आता कोकणच्या राजांना फितूर होत आहेत, असा त्यातला मजकूर होता. सुलतान मद्याच्या अमलात असताना ते त्याच्यापुढे ठेवले गेले आणि शिक्षेचा हुकूम सुटला. चाकणला वेढा पडला. आत अडकलेल्यांनी धाडलेले अर्ज मधल्यामध्ये दाबून टाकण्यात आले. शेवटी सुलतानाने माफी दिल्याचे सांगून, शपथा वाहून, त्यांना बाहेर बोलावले आणि मेजवानीला बसवून कापून काढले. कासिम बेग नावाचा सरदार काही सोबत्यांसह निसटला आणि बिदरला पोचला, तेव्हा कुठे सुलतानाला खरी हकिकत कळली. अर्ज दाबणाऱ्याला त्याने देहान्त दिला. पण तोवर चाकणला वाचवण्यासारखे कोणी उरले नव्हते.

प्रश्न : महमूद गावानसारखा वजीर केवळ एका बनावट पत्रावरून मारला गेला, असे वाचले. सुलतान इतका भोळा होता का? गावानचा आमच्या दाभोळशी संबंध होता, असेही ऐकतो. (एक वाचक, दापोली)

उत्तर : संबंध नक्की होता. इराणच्या गिलान प्रांतातला हा व्यापारी १४५३ मध्ये दाभोळलाच जहाजातून उतरला आणि तिथून बिदरला गेला. पुढे ‘मलिक-उत-तुज्जार’ हा खलफ हसनचाच किताब त्याला मिळाला, आणि खलफ हसनला जे कोकण जिंकता आले नाही ते जिंकण्याचे कामही त्याच्याच वाट्याला आले. त्याने घाई केली नाही. पावसाळा आला तेव्हा फौज कोल्हापूरला आणून गवताने शाकारलेल्या झोपड्यांत ठेवली, आणि पाऊस सरल्यावर पुन्हा खाली उतरला. खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, त्याने घेतला आणि १४७२ मध्ये गोवाही घेतला. या मोहिमेतली त्याची पत्रे आजही उपलब्ध आहेत. शत्रूपेक्षा आपली कुमक अडवणाऱ्या दरबारी मंडळींचीच चिंता त्यांत अधिक दिसते.

कोकणातून तो विजयी होऊन परतला तेव्हा बहमनी सुलतान तिसरा मुहम्मदशहा आठवडाभर त्याच्या घरी पाहुणा राहिला. सुलतान गेल्यावर गावानने स्वतःला खोलीत कोंडून घेतले, भरजरी वस्त्रे उतरवली, तो रडला आणि फकिराचे कपडे घालून बाहेर आला, अशी हकिकत आहे. मान जितका वाढतो तितके वैरीही वाढतात, हे त्याला दिसत असावे.

त्यांना निमित्तही त्यानेच पुरवले. चार सुभ्यांचे त्याने आठ केले आणि प्रत्येक सुभेदाराच्या हाती एकच किल्ला ठेवून बाकीचे किल्लेदार थेट सुलतानाच्या हुकमाखाली आणले. ज्याची सत्ता यामुळे निम्मी झाली, त्या तेलंगणच्या मलिक हसन बहरीने कट उभा केला. गावानची मोहोर सांभाळणाऱ्या हबशी गुलामाला दारू पाजली गेली. एका मित्राचा हिशेबाचा कागद आहे, इतर अधिकाऱ्यांचे शिक्के झाले आहेत, आता एवढा ख्वाजांचा (म्हणजे गावानचा) उमटवून दे, असे त्याला सांगण्यात आले. त्याने घडी न उलगडता मोहोर उमटवली. आतला कागद कोरा होता. ‘सुलतान व्यसनी आहे, तुम्ही चाल करून या, मी इकडून उठतो’, अशा आशयाचे ओरिसाच्या राजाला उद्देशून लिहिलेले पत्र मग त्यावर तयार झाले.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. सुलतान भोळा नव्हता, पण त्याच्या कानापर्यंत पोचणाऱ्या सगळ्या वाटा एकाच, म्हणजे मलिक हसनच्या दख्खनी, तटाच्या ताब्यात गेल्या होत्या. गावानने मुलासारखा वाढवलेला यूसुफ आदिलखान त्या वेळी मोहिमेवर दूर होता, आणि पत्र पुढे केले गेले तेव्हा सुलतान प्यायलेला होता. चाकणच्या वेळची युक्ती बारकाव्यासह पुन्हा वापरली गेली. बोलावणे आले तेव्हा जाऊ नका, असे स्नेह्यांनी विनवले. तरी गावान गेला. धन्याशी बेइमानी करणाऱ्याला काय शिक्षा, असे सुलतानाने विचारले. तलवार, असे गावानने सांगितले. पत्र पाहून तो म्हणाला की मोहोर माझी आहे, अक्षर माझे नाही. सुलतानाने जौहर नावाच्या गुलामाला खूण केली. ५ एप्रिल १४८१ रोजी, कोंडापल्लीच्या मुक्कामी, सत्तरीच्या घरातला हा वजीर मारला गेला.

नंतर त्याची संपत्ती जप्त करायला माणसे गेली, तेव्हा खजिनदाराने दोन पेट्या दाखवल्या. एकीत फौज आणि पागेच्या खर्चाचे पैसे होते. दुसरी त्याने गरिबांसाठी ठेवलेली, तीत ३०० लारी निघाल्या. लारी हे नाणे गोल नसते. चांदीची तार मधोमध दुमडून आकड्यासारखी केलेली असते आणि चपट्या केलेल्या जागी अक्षरे ठोकलेली असतात. पुढे आदिलशाहीत याच लाऱ्या आपल्या दाभोळला पाडल्या जात. वर्ष उलटण्याच्या आत, १४८२ च्या मार्चमध्ये, सुलतानही गेला. गावान आपले काळीज फाडतो आहे, असे तो अखेरीस ओरडत होता म्हणतात. मलिक हसनही काही वर्षांतच बिदरमध्ये मारला गेला.

प्रश्न : हे सगळे सांगणाऱ्या फिरिश्त्यावर किती विसंबावे? (एक वाचिका, रत्नागिरी)

उत्तर : जपून विसंबावे. तो स्वतः इराणकडून आलेला, म्हणजे आफाकी होता, आणि घटनांनंतर शंभराहून अधिक वर्षांनी विजापूरच्या आदिलशाही दरबारात बसून लिहीत होता. ती आदिलशाही गावानच्याच यूसुफने स्थापलेली. त्यामुळे चाकणला मेलेल्यांचे त्याने दिलेले मोठे आकडे मी मुद्दामच वर दिले नाहीत, आणि दख्खनी सरदारांची बाजू त्याने मनापासून मांडली असेल, असेही मी धरत नाही. गावानविरुद्ध दरबारात चाललेल्या हालचाली मात्र गावानच्या स्वतःच्या पत्रांतूनही कळतात, आणि ती पत्रे लिहिताना आपण कसे मरणार आहोत, हे त्याला ठाऊक नव्हते.