रोप लावणीच्या दिवसांत आठवड्यातून एकदाच जिम झाली तर ताकद उतरते का?

तुम्ही विचारलंय की खानापूर भागात भाताची लावण सुरू झाली की चारऐवजी एकच दिवस बेळगावला जिमला येणं जमतं, मग कमावलेली ताकद आणि चपळाई टिकेल का. दोन-तीन महिने टिकते. दिवस कमी करा, बैठकांची संख्या कमी करा, पण खांद्यावरचं वजन कमी करू नका.

मी येळ्ळूरचा, घरी भातशेतीच. आधी मी उलटं करायचो. अंग दुखतंय म्हणून हलक्या वजनावर वीस-वीस बैठका मारायचो, तेही आठवड्यातून तीनदा. घाम भरपूर निघायचा, त्यामुळे समाधान वाटायचं. दसऱ्याला शंभर किलो घेतले तर एकही बैठक उठेना. पावसाळ्याआधी पाच व्हायच्या. पुढच्या वर्षी फक्त रविवार धरला, वजन मात्र नव्वदच्या खाली आणलं नाही. त्या दसऱ्याला शंभरच्या चार निघाल्या.

कारण असं की जड वजनालाच स्नायूतले मोठे, वेगवान तंतू आणि त्यांना चालवणाऱ्या नसा पूर्ण कामाला लागतात. हलक्यावर दमायच्या आत थांबलात तर त्यांची गरजच पडत नाही. चिखलात दिवसभर वाकून रोप लावणं कष्टाचं आहे, पण त्यानं दम आणि चिकाटी वाढते. शंभर किलोची सवय त्यातून राहत नाही.

अमेरिकेतला 2011 चा एक अभ्यास मला फार धीर देऊन गेला. 16 आठवडे आठवड्यातून तीन दिवस मेहनत, पुढचे 32 आठवडे काहींना तिच्या फक्त एक नवमांश. 20 ते 35 वयाच्या मंडळींचे स्नायूही टिकले. 60 ते 75 वयाच्यांची ताकद बरीचशी राहिली, स्नायू मात्र उतरले. म्हणून घरात वडीलधारे व्यायाम करत असतील तर त्यांना एकाच दिवसावर आणू नका. नॉर्वेच्या व्यावसायिक फुटबॉलपटूंनीही हंगामात आठवड्याला एकदा वजनं मारून पायांची ताकद आणि धावण्याचा वेग राखला. पंधरवड्यातून एकदा करणाऱ्यांचा दोन्हीत तोटा झाला. तेव्हा रविवार चुकला तर सोमवारी उरका, पुढच्या रविवारवर ढकलू नका.

चपळाईचं वेगळं बघावं लागतं, ती हळू उचलण्यानं राहत नाही. अंग तापवून झालं की आधी चार-पाच उंच उड्या तीनदा, मध्ये पूर्ण विसावा. मग बैठक, डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं), बेंच (पाठीवर पडून छातीवरून वजन वर ढकलणं), पुल-अप (दांड्याला लटकून अंग वर ओढणं). प्रत्येकाचे दोन-तीन सेट म्हणजे फेऱ्या, दर फेरीत चार-पाच वेळा, वर येताना जितक्या जोरात येता येईल तितकं. तालमीत वस्ताद जोर मारताना झटका मागायचे, तोच झटका. पाऊण तासात होतं. आठवड्याच्या खंडानं पाय जरा जास्त दुखतील, त्याची तयारी ठेवा. सोमवारी शक्यतो चिखलणीचं काम घेऊ नका.

खाण्यात हात आखडू नका. लावणीत नुसत्या भातावर दिवस निघतो आणि स्नायू तिथेच उतरतात. हुलगे, शेंगदाणे, अंडी, ताक रोज पोटात जाऊ द्या.

वजन वहीत लिहून ठेवा. लागोपाठ दोन रविवार तेच वजन जड वाटलं तर बुधवारी घरीच वीस मिनिटं उड्या आणि जोर घाला, आणि पुन्हा पुढच्या रविवारी बघा.